पलीकडचा बैल

गंगापूर रोडवरच्या ज्या शाळेत मी चित्रकला शिकवतो, तिथे चित्रकलेच्या वर्गात फळ्याशेजारी एक मोठी छापील तसबीर टांगलेली आहे. माझ्या आधीच्या सरांनी ती कुठून तरी मिळवून चौकटीत बसवली होती. एकोणिसाव्या शतकातलं, युरोपातलं चित्र. चढणीचं शेत, नुकतीच उलटलेली ओली माती आणि नांगराला जुंपलेल्या बैलांच्या जोड्या, डावीकडून उजवीकडे निघालेल्या. माणसंही आहेत त्यात, पण बैलांच्या आड, टोपीपुरती. वर्गाची खिडकी पश्चिमेला आहे. रोजच्या उन्हाने छपाईतला लाल रंग खाऊन टाकला आहे, त्यामुळे माती निळसर झाली आहे आणि बैल दुधासारखे.

दरवर्षी आठवीच्या मुलांना हे चित्र दाखवून मी सांगत आलो की त्या काळात काही चित्रकारांनी देव, राजे आणि लढाया बाजूला ठेवल्या आणि समोर दिसतं ते काढायला घेतलं. दगड फोडणारी माणसं, धुणं धुणाऱ्या बायका, चिखलातली जनावरं. जे आहे ते, जसं आहे तसं. याला वास्तववाद म्हणतात. मुलं लिहून घेत. एखादा कळवणकडे आजोळ असलेला मुलगा विचारी, "सर, यांना वशिंड का नाही?" मी सांगायचो की तिकडच्या बैलांच्या पाठीवर तसा उंचवटा नसतो, म्हणून जू शिंगांना बांधलंय, बघ. वर्गाला त्याचं हसू यायचं.

मग आम्ही जोडी काढायला घ्यायचो, आणि तिथे मी एक नियम शिकवायचो. पलीकडचा बैल काढायचा नसतो, सुचवायचा असतो. अलीकडचा पुरता काढा, त्याच्या अंगावर छाया-प्रकाश द्या. पलीकडच्याचा एक कान, शिंगाचं टोक आणि पोटाखालून दिसणारे पाय, एवढं पुरे. उरलेला बैल बघणारा आपल्या मनाने पुरा करतो.

नियम चुकीचा नाही. आजही चित्र काढताना मी तसंच करतो. पण हे वाक्य मी इतकी वर्षं इतक्या सहज बोलत आलो, आणि ते आपल्या स्वतःच्या जगण्याबद्दलही खरं होत चाललंय, हे मला फार उशिरा कळलं.

आमचं गाव सटाण्याहून कळवणकडे जाताना लागतं. मका, कांदा, अलीकडे थोडं डाळिंब. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिथेच राहिला आणि शेती करू लागला. मी शिकायला नाशिकला आलो आणि इथलाच झालो. आमच्यात भांडण असं कधी झालं नाही. पण भांडण न होण्याचं एक कारण हेही असतं की एकाने सगळं करायचं आणि दुसऱ्याने अधूनमधून जाऊन जेवून यायचं.

वडील असताना एकदा डोळे दाखवायला माझ्याकडे आले होते. शाळा सुटल्यावर मी त्यांना वर्ग दाखवायला नेलं. बाकीच्या चित्रांवरून त्यांची नजर नुसती फिरली. या तसबिरीसमोर मात्र ते टोपी मागे सारून उभे राहिले. बराच वेळ बघून त्यांनी मला आमच्या बोलीत विचारलं, "पलीकडचा कसा हे?" कसा आहे.

मी म्हटलं, "दिसत नाही, आबा. तो आड आहे."

त्यांनी चौकटीची एक बाजू हाताने भिंतीपासून ओढली आणि मान वाकडी करून फटीतून बघितलं. मागे भिंत होती आणि एक पाल. मला इतकं हसू आलं की मी शिपायालाही ते सांगितलं. वडीलही हसले. मग म्हणाले, बाजारात विकणारा चांगला बैल आपल्या बाजूला उभा करतो आणि उणा पलीकडे. म्हणून जोडी बघायची तर आधी वळसा घालून पलीकडे जायचं. एवढं बोलून ते बाकावर बसले आणि चहाची वाट बघू लागले. मलाही तो प्रसंग पुढे गंमत म्हणूनच आठवत राहिला.

ते गेल्यावर वाटण्या झाल्या. मध्ये मामा बसले होते. जमिनीचं काही अवघड नव्हतं, कागदावर दोघांची आणि कसायची दादाने. मग घरातलं निघालं. मामांचा हिशेब सरळ होता: जे दोन आहे ते एकेक. दोन हंडे, दोन पाट, दोन कंदील, आणि शेवटी दोन बैल. गोठ्यात एकच जोडी उरली होती. मामा म्हणाले, जोडी मोडायची नाही, काम एकत्रच करतील, पण मालकी एकेकाची. थोरल्याला उजवा, धाकट्याला डावा.

मला ते मजेशीर वाटलं. मी म्हटलं, "मामा, मी फ्लॅटमध्ये राहतो."

मामा हसले नाहीत. "हंड्याला तोंड नसतं," ते म्हणाले. "हा तोंड असलेला वाटा हे. विसरू नको."

जे लोक बैलांत वाढले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जोडीतल्या बैलांची बाजू ठरलेली असते. लहानपणी ज्या बाजूला जुंपायला शिकवलं, जन्मभर तीच. उजवा उजवीकडेच चालतो, डावा डावीकडे. नांगराला, वखराला, गाडीला, अगदी पाणी प्यायला जातानासुद्धा. गोठ्यातही त्यांना त्याच क्रमाने बांधतात. बाजू बदलली की चांगला कामाचा बैल एखाद्या नवख्यासारखा गोंधळतो.

तर डावा माझा झाला. शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी ही गोष्ट रंगवून सांगितली. गणिताचे सर मला काही दिवस बैलमालक म्हणून हाक मारत. कोणी विचारी, मालक, सर्व्हिसिंगला कधी नेता? मीही त्या हसण्यात सामील असे. गावी मात्र मी माझा बैल धड बघितलाही नाही. आता आठवून बघतो तर त्याचं कारण अगदी साधं आहे. मी सकाळच्या बसने पोचायचो. ओट्यावर चहा पीत बसलेलो असताना दादा जोडी घेऊन शेताकडे निघायचा. आमच्या ओट्यावरून शेत उजव्या हाताला. त्यामुळे माझ्यासमोरून जाताना उजवा बैल अलीकडे असायचा, दादाचा, आणि माझा त्याच्या आड. कान, शिंगाचं टोक, चार पाय. संध्याकाळी परत येताना माझाच अलीकडे असणार. पण संध्याकाळपर्यंत मी परतीच्या बसमध्ये बसलेलो असायचो.

पुढे दादाने भाड्याने ट्रॅक्टर सांगायला सुरुवात केली. सगळ्यांनीच केली. बैलांना मक्यातली कोळपणी आणि बांधावरून चारा आणणं एवढंच काम उरलं. माझं गावी जाणंही तसंच कमी होत गेलं. आणि गेल्या वर्षी, थंडी सरता सरता, दादाचा फोन आला की उजवा गेला. संध्याकाळी वैरण खाऊन बसला तो सकाळी उठलाच नाही. बांधाजवळ खड्डा करून त्याला पुरला होता. शाळेत चित्रकलेच्या परीक्षा चालू होत्या. मी वाईट झालं म्हणालो, आणि खरोखर वाईट वाटलंही. पण गेलो नाही.

त्यानंतर दादा फोनवर डाव्याबद्दल बोलू लागला. एरवी तो पाऊस, कांदा आणि कोणाचं लग्न यापलीकडे काही बोलत नाही. म्हणाला, मोकळा सोडला तरी हा गव्हाणीच्या डाव्या अर्ध्यातच तोंड घालतो. उजवीकडची वैरण तशीच पडून राहते, मग गायीला टाकावी लागते. शेजाऱ्याचाही एक बैल एकटा पडला होता. दोघांनी मिळून जोडी करून बघितली. जू खांद्यावर ठेवलं आणि दोन्ही बैल डावीकडे सरकू लागले, एकमेकांना ढकलत, कारण शेजाऱ्याचाही डावाच होता. शेजारी म्हणाला, आता दोन उजवे बघा, नाहीतर आपणच जुंपून घेऊ. दादा हे सांगताना हसत होता. मीही हसलो. आमच्यात इतकं हसणं पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं. फोन ठेवल्यावर मला वाटलं, या संध्याकाळी तिथे असायला हवं होतं, बांधावर उभं राहून ती फजिती बघायला. पण वाटणं आणि जाणं यांच्यामध्ये माझ्या बाबतीत नेहमीच पुष्कळ अंतर पडलंय.

पोळ्याच्या थोडं आधी त्याचा पुन्हा फोन आला. आवाज कामाचा होता.

"मास्तर, तुझ्या बैलाचं काय करायचं?"

रागात किंवा लाडात असला की तो मला मास्तर म्हणतो. त्याने सांगितलं की त्याचा गुडघा आता बसू-उठू देत नाही, शेणघाण सगळी वहिनीच काढते. बैलाला काम नाही. पांजरपोळवाले म्हातारी जनावरं सांभाळायला नेतात, पोळा झाला की त्यांची गाडी शेजारच्या गावात येणार आहे. नाव द्यायचं की नाही ते सांग.

माझ्या मनात एकदम उदार विचार आला. ज्याने जन्मभर राबवलं, चारलं, त्याचा हक्क. मी कोण सांगणार? मी म्हटलं, "दादा, तो तुझाच समज. तूच ठरव."

 तो बरं म्हणाला आणि फोन बंद झाला.

खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. बायकोला मी सांगितलंसुद्धा की दादाच्या मनावरचं ओझं काढलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. ती कधी फोन करत नाही. दादाच्या फोनवरून शेवटी दोन शब्द बोलते, पोरं कशी आहेत एवढं विचारते. तिने सांगितलं की तुमचे भाऊ जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, त्याने तोडून टाकलं.

मग मला समजलं. आमच्याकडे विहिरीच्या पाण्यावरून, बांधावरून दोन भाऊ बिनसले की शेवटी एक जण असंच म्हणतो, तुझीच समज ती विहीर. त्यानंतर त्या विहिरीवर तो पाय ठेवत नाही, आणि त्या घरातही नाही. गावात हे वाक्य देण्याचं नाही, हात झटकण्याचं आहे. मी त्याच गावात वाढलो, ते वाक्य लहानपणी कितीदा ऐकलं, आणि शहरात राहून त्याचा अर्थ इतका विसरलो की उदार होताना नेमकं तेच तोंडात आलं. पण विसरलो म्हणून सुटका करून घ्यावी असंही वाटत नाही. दादाने जे ऐकलं तेच कदाचित खरं होतं. ओझं मी त्याच्या मनावरचं काढलंच नव्हतं, माझ्या मनावरचं काढलं होतं.

वहिनीचं माहेर सटाण्याकडचं. मन भरून आलं की ती अहिराणीत जाते. फोन ठेवताना म्हणाली, "तो बैल तुमनी वाट दखी राहिना."

तुमची वाट बघतोय. ज्या बैलाने मला धड पाहिलेलं नाही तो माझी वाट कशाला बघेल? ती कोणाबद्दल बोलतेय ते मला कळलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गेलो. सीबीएस स्थानकावरून सटाण्याची बस, तिथून जीप. पाऊस उघडला होता, मका डोक्याच्या वर गेला होता आणि चाळीत साठवलेल्या कांद्याचा तो उग्र-गोड वास गावाच्या आधीच लागला. दादा ओट्यावर पाय लांब करून बसला होता. त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "आलास? चहा घे." बस्स. बैलाचा विषय त्याने काढला नाही, मलाही धीर झाला नाही.

त्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. बैलांना वर्षभर ज्या खांद्यावर जू वाहावं लागलं, तो खांदा कोमट पाण्याने शेकायचा आणि हळद घातलेलं तूप चोळायचं. वहिनीने वाटी माझ्या हातात दिली.  दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

मी गोठ्यात शिरलो आणि बैलाच्या डाव्या बाजूला उभा राहिलो, कारण तिकडे उजेड होता. मी खांद्याला हात लावला आणि बैल माझ्याकडे एक पाऊल सरकला. मी मागे झालो. तो आणखी सरकला. बघता बघता मी भिंतीला टेकलो, वाटी छातीशी, आणि त्याचं ते मोठं ऊबदार अंग माझ्यावर. मारत नव्हता, रागावला नव्हता. नुसता सरकत होता.

"चेंगरून मरशील मास्तर," दादा म्हणाला. "त्याच्या डाव्या अंगाला कधी कोण नव्हतंच. उजवीकडून ये."

मी वळसा घालून उजवीकडे गेलो. बैल थांबला. मग त्याने मागचा पाय थोडा हलवला, अंग डावीकडे घेतलं आणि माझ्यापुरती जागा करून तो स्थिर उभा राहिला. कान एकदा माझ्याकडे वळवला आणि परत पुढे नेला. या बाजूला वर्षानुवर्षं दुसरा उभा असायचा. इथे मानेजवळचे केस एका जागी चापून बसले होते, उलट्या दिशेने, जसे एखाद्याच्या कपाळावर भोवऱ्याजवळ असतात. मी त्यावर हात ठेवला.

"उजवा चाटायचा त्याला," दादा म्हणाला. "रोज. संध्याकाळी आला की तिथंच."

मी तूप चोळत राहिलो. खांद्यावरची कातडी माझ्या तळहातापेक्षा जाड आणि गुळगुळीत होती. दादा माझ्या मागे होता, त्यामुळे मला त्याचा चेहरा दिसत नव्हता आणि बोलणं सोपं झालं. मी म्हटलं, दादा, त्या दिवशी फोनवर मी बोललो ते मला तसं म्हणायचं नव्हतं.

मागे दादाने टेका बदलला, चौकट करकरली. मग म्हणाला, "तुझा बैल तू पाठव म्हणाला असतास तर मी पाठवला असता. ठेव म्हणाला असतास तर ठेवला असता. पण तू 'माझा नाहीच' म्हणालास. मग इतकी वर्षं मी कोणाचा सांभाळला?"

 इतकी वर्षं दुपारी जोडी सोडताना, पाणी दाखवताना, हा त्याच्या मनात माझा बैल होता. धाकट्याचा. मी तिथे नव्हतो, पण माझ्या जागी एक तोंड होतं, त्याला तो वैरण घालत होता. ज्याला मी गंमत समजत होतो त्याला तो नातं समजत होता.

मी त्याला लगेच काही सांगितलं नाही. 'ठेव' म्हणावंसं वाटलं, पण गोठ्यात, डोळे भरलेले असताना दिलेल्या शब्दाला किती किंमत, असं वाटून गप्प बसलो. माझ्या शब्दांवर माझाच फारसा विश्वास उरला नव्हता. वाटी रिकामी झाली तरी मी तिथे उभा होतो. वहिनीने येऊन गव्हाणीत वैरण टाकली. तिने ती डावीकडेच टाकली. मग माझ्याकडे बघून थोडी उजवीकडेही टाकली. बैलाने तिकडे तोंड नेलं नाही.

पोळ्याच्या सकाळी ओढ्यावर त्याला धुतला. शिंगं रंगवायचं काम माझ्याकडे आलं. दादा म्हणाला, पोरांना शिकवतोस म्हणे, दाखव काय येतं ते. मी शिंगांना हिंगूळ लावला, टोकांना बेगड, आणि अंगावर गेरूचे ठसे काढायला घेतले. डावी बाजू झाल्यावर मी उजवीकडे वळलो तेव्हा वहिनी म्हणाली, आतल्या बाजूला एवढं कोणी काढत बसत नाही, दिसत नाही ना ती. मग तीच थांबली. आता ती बाजू दिसणार होती.

मी त्या बाजूला जितकं मन लावून ठसे काढले तितकं मन लावून मी कित्येक वर्षांत काही काढलं नव्हतं. चापून बसलेल्या केसांची ती जागा तेवढी मी कोरी ठेवली.

दुपार कलल्यावर सगळ्या जोड्या मारुतीच्या पाराकडे निघाल्या. पूर्वी वाट पुरायची नाही, आता ती मोकळी होती. तरी होत्या त्या सगळ्या जोड्याच. एकट्या बैलाला पोळ्यात नेणं जरा लाजिरवाणं असतं. शेजाऱ्याने आपला घरीच ओवाळला होता. दादाने झूल घालून बैल दारात आणला, आणि कासरा हातात घेऊन उभा राहिला, माझ्याकडे न बघता.

"गाडी परवा येती हे," तो म्हणाला. "नाव द्यायचं का?"

"नको," मी म्हटलं. "माझा बैल हे. जाणार नाही कुठं."

'हे' माझ्या तोंडून कसं आलं ते मलाही कळलं नाही. कॉलेजात हसू झाल्यापासून मी 'आहे' म्हणतो. दादाने माझ्याकडे बघितलं. मग वैरण कोण घालणार, शेण कोण काढणार, हे सगळं तो विचारू शकला असता आणि मला पुन्हा मान खाली घालावी लागली असती. मीच घाईने म्हणालो, शनिवारी दुपारी शाळा सुटली की येत जाईन, रविवारचं मी बघेन, वहिनींना तेवढी तरी सुट्टी.

"रविवारी बैल जेवतो ते आठवडाभर पुरतं का?" वहिनी दारातून म्हणाली. पण हसून म्हणाली.

दादाने कासरा माझ्या हातात दिला. "धर. तुझा हे तर तू ने."

मी उजवीकडून चालू लागलो. मला दुसरीकडून चालताच आलं नसतं, त्याने डावीकडे सरकत नेऊन मला गटारात घातलं असतं. पाराजवळ पोचलो तेव्हा शेजारी तिथे बसला होता. त्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं दादाला म्हणाला, "जमली का रे जोडी? उजवा मास्तर जुंपला वाटतं."

पारावर हशा पिकला. कोणी म्हणालं, मास्तरच्या शिंगांना रंग द्यायचा राहिला. कोणी विचारलं, उजवा दमाचा हे का, का नुसताच चष्म्याचा? दादा मागून लंगडत येत होता, तोही हसला. म्हणाला, "नवा हे. शिकंल."

हे ऐकताना मला जे वाटलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. लाज होती, आणि लाजेच्या आत काहीतरी होतं ज्याची मला इतकी वर्षं ओढ होती आणि जे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. गावात माझ्यावर कोणी हसावं, मला नावं ठेवावीत, माझी एक बाजू ठरलेली असावी. पाहुण्याला कोणी हसत नाही. पाहुण्याला चहा देतात.

बैल माझ्या डावीकडून चालत होता. मी थांबलो की तो थांबायचा.

त्याला आता काही महिने झाले. शनिवारी मी जातो. सगळ्या शनिवारी जमत नाही. शाळेचं काही निघतं, कधी घरचं, कधी नुसता कंटाळाही येतो आणि मी त्याला दुसरं नाव देतो. बाकीचे दिवस ते दोघंच बघतात. तेव्हा मी काही फेडलं असं म्हणणार नाही. दादाचा गुडघा जास्त दुखतो आणि बैलही थकलाय. एखाद्या शनिवारी मी पोचेन आणि गोठा रिकामा असेल, हे मला बसमध्ये बसल्यावर दर वेळी वाटतं. म्हणून हल्ली सटाणा सोडल्यावर मी खिडकीतून बाहेर बघत नाही, नुसता कांद्याचा वास येण्याची वाट बघतो.

परवा वर्गात पुन्हा तेच चित्र होतं. जोडी काढताना एका मुलीकडून अलीकडचा बैल बिघडला. तिने रबराने तो सगळा पुसून टाकला, आणि कागदावर पलीकडचा तेवढा उरला: कान, शिंगाचं टोक, जमिनीत रोवलेले पाय, आणि वर काहीच नाही. ती म्हणाली, सर, हा तर काढलेलाच नाही.

मी तिच्या बाकाशी वाकलो. मग म्हटलं, आता तोच काढ.

"पण चित्रात तो दिसत नाही ना?"

मी तिला सांगितलं की मला तो थोडा माहीत आहे, मी सांगतो तसं काढ. खांद्यावरची कातडी जाड असते. मान जरा डावीकडे धरतो. मानेच्या उजव्या बाजूला केस उलटे असतात. तिने काढलं. फार चांगलं जमलं नाही, पाय लांब झाले. त्याच्या अलीकडे, पुसलेल्या उजव्याच्या जागी, कागद बराच रिकामा राहिला होता, तिथे ती झाड काढू का विचारत होती.

मी म्हटलं, राहू दे. तिथे जागा लागते त्याला.